पेटत्या वाटीजवळ बाटली नको

रसायनशास्त्राच्या तासाला आगीचा प्रयोग करून दाखवणारे शिक्षक आणि त्या वर्गात ज्यांची मुलं बसतात ते आईवडील, या सर्वांना एक विनंती आहे. स्पिरिट असो, मिथेनॉल असो की इथेनॉल, त्याची बाटली ज्या टेबलावर ज्योत आहे, होती किंवा होणार आहे, त्या टेबलाजवळ आणू नका. खाली आणखी बरंच सांगायचं आहे, पण कुणी इथेच थांबलं तरी एवढं लक्षात राहू द्या.

ही विनंती कशावरून, ते आता सांगायला हवं.

सप्टेंबर २०१४ मध्ये अमेरिकेत डेन्व्हर शहरातल्या एका शाळेत शिक्षक मिथेनॉल जाळून दाखवत होते. सुरुवातीला मिथेनॉल थोडंसंच होतं. ज्योत हवी तेवढी उंच आली नाही, म्हणून त्यांनी चार लिटरच्या बाटलीतून आणखी ओतायला घेतलं. आग धारेवरून उलटी चढून बाटलीत शिरली आणि बाटलीच्या तोंडातून सुमारे बारा फूट लांब झोत निघाला. तो समोरच्या एका विद्यार्थ्याच्या छातीवर आदळला. त्या दिवशी चार विद्यार्थी भाजले.

त्याच्या बाराच दिवस आधी नेवाडा राज्यातल्या रेनो शहरात, मुलांसाठीच्या विज्ञान संग्रहालयात, ‘आगीची वावटळ’ दाखवताना मिथेनॉलची बाटली अशीच पेटली होती. तिथे तेरा जण जखमी झाले, त्यांत बहुतेक मुलं. त्याच वर्षी २ जानेवारीला न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमधल्या बीकन हायस्कूलमध्ये ‘इंद्रधनुष्य’ प्रयोगात एक मुलगा गंभीर भाजला. वेगवेगळ्या क्षारांच्या वाट्या ओळीने मांडायच्या, त्यांत मिथेनॉल घालायचं आणि पेटवायचं, की प्रत्येक वाटीची ज्योत वेगळ्या रंगाची होते. तांबड्या, हिरव्या, जांभळ्या ज्योती एका रांगेत पाहून मुलं भान हरपतात. २०१९ मध्ये ज्युरीने बीकनच्या त्या मुलाला जवळपास सहा कोटी डॉलरची भरपाई ठरवली. पण जळलेल्या त्वचेवर वर्षानुवर्षं चालणाऱ्या शस्त्रक्रियांचं मोल डॉलरांत होत नाही.

यात मनाला सर्वांत जास्त टोचणारी गोष्ट वेगळीच आहे. २००६ साली ओहायो राज्यातल्या एका शाळेत याच इंद्रधनुष्य प्रयोगात पंधरा वर्षांच्या मुलीचं जवळपास अर्धं शरीर भाजलं होतं. तिने पुढे येऊन आपली कहाणी सांगितली आणि अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाने डिसेंबर २०१३ मध्ये तिची चित्रफीत काढली, शिक्षकांनी पाहावी म्हणून. त्यानंतर काही आठवड्यांतच न्यूयॉर्कची दुर्घटना घडली. मग रेनो, मग डेन्व्हर. ऑक्टोबर २०१५ मध्ये व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्सच्या एका शाळेत विद्यार्थी भाजले आणि २०२२ मध्ये त्याच राज्यात, डिनविडीच्या शाळेत, पुन्हा तेच. प्रयोग तोच किंवा तसाच, द्रव तोच, चूकही तीच. म्हणजे माहिती उपलब्ध असणं पुरत नाही. ती वर्गात उभ्या असलेल्या माणसाच्या हातापर्यंत पोचायला लागते.

या दुर्घटना वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. ज्योत पहिल्यांदा पेटवताना सहसा काही होत नाही. घात होतो तो दुसऱ्यांदा ओतताना. ज्योत मंदावते, विझल्यासारखी दिसते, किंवा मनासारखी उठत नाही. समोर तीस मुलं बघत असतात, प्रयोग फसला असं वाटायला नको असतं, आणि हात बाटलीकडे जातो.

असं का होतं ते एकदा नीट समजून घेतलं, तर नियम घोकावे लागत नाहीत. द्रव स्वतः जळत नाही, त्याची वाफ जळते. ज्या तापमानाला द्रवातून पेट घेण्याइतकी वाफ निघू लागते, त्याला फ्लॅश पॉइंट म्हणतात. रॉकेलचा फ्लॅश पॉइंट ३८ अंश सेल्सिअसच्या वर असतो, मिथेनॉलचा मात्र सुमारे ११ अंश, आणि स्पिरिटमधल्या इथेनॉलचा त्याहून थोडाच जास्त. म्हणजे कडाक्याच्या थंडीतली एखादी पहाट सोडली, तर महाराष्ट्रातल्या कुठल्याही वर्गात, कुठल्याही महिन्यात, स्पिरिटच्या उघड्या भांड्यावर पेटायला तयार असलेली वाफ साचलेली असतेच. एप्रिलच्या उन्हात तापलेल्या पत्र्याखालच्या प्रयोगशाळेत तर विचारायलाच नको.

आता बाटलीच्या आत काय असतं ते पाहा. हवेत मिथेनॉलच्या वाफेचं प्रमाण सुमारे ६ ते ३६ टक्के असलं की ते मिश्रण पेट घेतं. तीस अंश तापमानाला अर्ध्या रिकाम्या बाटलीतल्या मोकळ्या जागेत ही वाफ साधारण वीस टक्के असते. बरोबर मधोमध. इथेनॉलचंही तेच: त्याचा पेटण्याचा पट्टा साधारण ३ ते १९ टक्के, आणि तीस अंशाला बाटलीत वाफ असते दहा टक्क्यांच्या आसपास. तेव्हा ‘आमच्याकडे मिथेनॉल नाही, साधं स्पिरिट आहे’ या वाक्यात काहीही आधार नाही. बाटलीत जितकं कमी उरलेलं, तितकी पेटणाऱ्या वाफेला जागा जास्त. तळाशी थोडंसं राहिलंय म्हणून ती बाटली निर्धोक समजू नका. धोका वाढलेला असतो.

बाटलीत आग शिरली की आतला वायू क्षणात प्रसरण पावतो. त्याला बाहेर पडायला वाट एकच, अरुंद मानेची. तो जाताना उरलेला द्रवही पेटवून सोबत नेतो. झोत कुठे जाणार? बाटलीचं तोंड जिकडे असेल तिकडे. शिक्षक टेबलामागे मुलांकडे तोंड करून उभे असतात, बाटली पुढे वाकवून ओततात, म्हणजे बाटलीचं तोंड मुलांकडेच वळलेलं असतं. म्हणूनच यांतल्या अनेक दुर्घटनांत सर्वांत जास्त भाजलं ते समोर बसलेलं मूल. डेन्व्हरच्या त्या झोताची लांबी आठवा, बारा फूट. आपल्याकडे टेबल आणि पहिला बाक यांत पाच-सहा फूट अंतर असलं तरी पुष्कळ. उत्सुक मुलं तर टेबलाभोवती कोंडाळं करूनच उभी असतात, आणि आपण त्यांना ‘या, जवळ या, दिसेल’ असं म्हणतो.

आणखी एक. मिथेनॉलची ज्योत फिकट निळी असते आणि खिडकीतून ऊन येत असेल तर जवळजवळ दिसतच नाही. शिक्षकाला प्रामाणिकपणे वाटतं की विझली. तेव्हा विझली की नाही याचा निर्णय डोळ्यांवर सोडू नये. पेटलेल्या भांड्यावर झाकण ठेवायचं, ते पूर्ण गार होऊ द्यायचं, आणि त्या तासाला त्यात पुन्हा काहीही घालायचं नाही. प्रयोग फसला तर फसला. मुलांना सांगायचं की आज नीट झाला नाही, उद्या पुन्हा करू. विज्ञानाच्या शिक्षकाने असं म्हणण्यात कसलाही कमीपणा नाही.

हे अमेरिकेतलं, आपल्याकडे कुठे असं होतं, असं कुणाला वाटेल. अकरावी-बारावीच्या प्रात्यक्षिकात क्षार ओळखण्यासाठी जी फ्लेम टेस्ट असते ती तारेच्या टोकावर चिमूटभर क्षार घेऊन बर्नरच्या ज्योतीत धरायची असते. तिथे अल्कोहोल ओतण्याचा प्रश्नच येत नाही, ही चांगलीच गोष्ट आहे. पण धोका केवळ प्रात्यक्षिकाच्या वहीतून येत नाही. कितीतरी शाळांत गॅसची जोडणी नाही, तिथे उष्णता लागली की स्पिरिटचा दिवा असतो. तो दिवा तासाच्या मध्येच संपतो, काच गरम असते, वात अजून धुमसत असते, आणि कुणीतरी लिटरच्या बाटलीतून त्यात भर घालतं. डेन्व्हरमध्ये जे घडलं त्याची सगळी सामग्री इथे मांडलेली असते.

शिवाय शाळांतून तालुका पातळीची, जिल्हा पातळीची विज्ञान प्रदर्शनं होतात, २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन असतो. प्रदर्शनात गर्दी आपल्या टेबलाकडे वळावी म्हणून मुलं मोबाइलवर पाहिलेले प्रयोग करतात. त्यांतला एक ‘काळा साप’: वाळूवर साखर आणि खाण्याचा सोडा ठेवायचा, स्पिरिट टाकायचं, पेटवायचं, की काळी वळवळती नळी वर येते. नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियात सिडनीच्या मॅनली वेस्ट प्राथमिक शाळेत हाच प्रयोग बाहेर मैदानात चालू असताना वारा सुटला आणि अकरा मुलं भाजली, त्यांतली दोन गंभीर. साखर, सोडा, वाळू: घरातल्याच वस्तू. म्हणूनच तो मुलांना निरुपद्रवी वाटतो. स्पिरिट मिळालं नाही तर घरातलं सॅनिटायझर आहेच, तेही बहुतांश अल्कोहोलच असतं.

अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यक्रमांत बुवाबाजी उघडी पाडताना पोटॅशियम परमँगनेटवर ग्लिसरीन टाकून आपोआप पेटणारा ‘यज्ञ’ दाखवतात, जळता कापूर तळहातावर घेऊन दाखवतात. हे काम मोलाचं आहे आणि अनुभवी कार्यकर्ते ते जपून करतात. पण ते पाहून घरी गेलेलं सातवीतलं मूल तेच स्वयंपाकघरात करून बघणार, हे गृहीत धरूनच कार्यक्रम आखायला हवा. प्रयोग दाखवतानाच, त्याच दमात, हे एकट्याने का करायचं नाही तेही सांगितलं पाहिजे. शेवटी घाईघाईत दिलेली सूचना कुणाच्याही लक्षात राहत नाही.

मिथेनॉलबद्दल आपल्याला आणखी एक कारण माहीत असायला हवं. मुंबईत मालाडच्या मालवणीत २०१५ च्या जूनमध्ये मिथेनॉल मिसळलेल्या दारूने शंभराहून अधिक माणसं गेली. तोच हा पदार्थ. थोडासा पोटात गेला तरी दृष्टी जाऊ शकते. असा पदार्थ शाळेच्या कपाटात, चिठ्ठी निघालेल्या बाटलीत, कधी तर कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवलेला असणं हा आगीइतकाच गंभीर प्रश्न आहे. मुख्याध्यापकांनी या आठवड्यात ते कपाट स्वतः उघडून बघावं.

मग आगीचे प्रयोग बंद करायचे का? मला तसं मुळीच वाटत नाही. मुलांना ज्योत दाखवायलाच हवी. मायकेल फॅरडेंनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८६० च्या नाताळात मुलांसाठी सहा व्याख्यानं दिली. विषय होता मेणबत्ती. एका मेणबत्तीतून त्यांनी ज्वलन, वाफ, पाणी, कार्बन, अगदी माणसाच्या श्वासोच्छ्वासापर्यंतचं रसायनशास्त्र उलगडलं. मुलांना भारून टाकण्यासाठी ज्योत छताला लागावी लागत नाही. आपण मोठ्या ज्योतीच्या मागे लागतो ते बऱ्याचदा टाळ्यांसाठी, आणि हे शिक्षकांनी स्वतःशी मान्य केलेलं बरं.

रंगांचा प्रयोगही सोडावा लागत नाही. अमेरिकन केमिकल सोसायटीच्या सुरक्षा समितीने २०१४ मध्ये उघड्या टेबलावर मिथेनॉल वापरून इंद्रधनुष्य प्रयोग करणं थांबवा, असं शिक्षकांना स्पष्ट सांगितलं आणि सोबत पर्यायही दिला. क्षार पाण्यात विरघळवायचे, त्यात आइस्क्रीमच्या काड्यांसारख्या लाकडी काड्या रात्रभर भिजत ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी एकेक काडी बर्नरच्या ज्योतीत धरायची. स्ट्रॉन्शियमचा किरमिजी, तांब्याचा हिरवा-निळसर, पोटॅशियमचा फिकट जांभळा, सोडियमचा पिवळा, सगळे रंग दिसतात. अल्कोहोलचा थेंबही लागत नाही. बेरियमचा पोपटी रंग सुंदर असला तरी त्याचे पाण्यात विरघळणारे क्षार विषारी असतात, शाळेत ते टाळलेले उत्तम. वापरलेल्या काड्या लगेच पाण्याच्या भांड्यात बुडवायच्या. एवढंही जमणार नसेल तर मुलांना घरच्या गॅसकडे बघायला सांगा: भाताचं पाणी उतू जाऊन बर्नरवर सांडतं तेव्हा निळी ज्योत क्षणभर पिवळी होते ना, ती त्यातल्या मिठाच्या सोडियममुळे. यातून सुरू झालेला तास दहा वाट्यांच्या इंद्रधनुष्याहून जास्त शिकवून जाईल, अशी माझी खात्री आहे.

ज्या वर्गात स्पिरिटचा दिवा वापरावाच लागतो, तिथल्यांसाठी थोडं. दिवा तासाच्या आधी, दुसऱ्या खोलीत, गार असताना भरा, दोन-तृतीयांशाहून जास्त नको. भरून झाला की बाटली बूच घट्ट लावून तिथल्याच कपाटात कुलूपबंद करा आणि मगच दिवा वर्गात आणा. एक दिवा वाकवून दुसऱ्या दिव्यावर पेटवू नका, काडी वापरा. विझवताना फुंकू नका, टोपण ठेवा. मध्येच संपला तर तो दिवा त्या दिवसापुरता संपला. शक्य असेल तर दोन दिवे आधीच भरून ठेवावेत, म्हणजे मध्ये भरण्याचा मोह होत नाही.

खोलीकडेही बघा. आपल्या वर्गांत डोक्यावर पंखा असतो आणि तो ज्योत वाकवतो, वाफ पसरवतो, म्हणून प्रयोगापुरता बंद हवा. खिडक्या मात्र उघड्या. मागचं दार कडी घालून बंद असेल तर ते आधी उघडा. शाळांत बाकं रचून ठेवण्यासाठी हेच दार सापडतं, हे दुर्दैवाने खरं आहे. मुलं टेबलापासून किमान दहा फूट मागे, आणि ज्योत मोठी असेल तर मध्ये पारदर्शक आडोसा. जवळ वाळूची बादली, पाणी, जाड सुती चादर किंवा घोंगडी, आणि वापरता येतो अशा माणसाच्या हाताशी अग्निशामक. ओढण्या खोचलेल्या, वेण्या मागे बांधलेल्या, डोळ्यांवर गॉगल. पॉलिस्टर मिसळलेला गणवेश जळताना वितळून कातडीला चिकटतो, म्हणून ज्योतीजवळ काम करणाऱ्या मुलांना सुती अॅप्रन द्यायला हवा. हा खर्च शाळेने करावा. तो शिक्षकाच्या खिशातून होऊ नये, आणि पैसे नाहीत म्हणून प्रयोग तसाच उरकला जाऊ नये.

इतकं करूनही कुणी पेटलंच तर पळू देऊ नका. धावलं की आग भडकते. खाली पाडा, लोळवा, घोंगडीत गुंडाळा. आग विझली की भाजलेल्या भागावर नळाचं गार वाहतं पाणी धरा, चांगली वीस मिनिटं. बर्फ नको. आणि आपल्याकडे हौसेने लावतात ते काहीही नको: टूथपेस्ट, हळद, शाई, तूप, भिजवलेली कणीक. जखम त्याने बिघडते आणि रुग्णालयात ते खरवडून काढताना मुलाला पुन्हा यातना होतात. अंगठी, बांगडी, कडं असेल तर सूज यायच्या आत काढून घ्या, चिकटलेला कपडा मात्र ओढू नका. १०८ ला फोन पाणी ओतायला सुरुवात होताच दुसऱ्या कुणीतरी लावायचा.

पालकांनी शाळेत जाऊन भांडावं असं मी सुचवत नाही. पण पालक सभेत दोन प्रश्न विचारायला काहीच हरकत नाही: प्रयोगशाळेत स्पिरिट कुठे ठेवता, आणि दिवे कोण, केव्हा भरतं? उत्तर लगेच आलं तर समाधान मानावं. उत्तर शोधावं लागलं तर शाळेलाही काम सापडलं. अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात ज्यांची मुलं शिकतात त्या मराठी आईवडिलांनीही विचारावं. तिथल्या शाळांत सोयी जास्त असतात, म्हणून आपलं मूल तिथे सुरक्षितच आहे असं समजू नये. वर सांगितलेल्या आगीच्या सगळ्या दुर्घटना त्याच देशांतल्या आहेत.

विद्यार्थ्यांनो, तुम्हालाही सांगायचं आहे. पेटलेल्या किंवा नुकत्याच विझलेल्या भांड्याजवळ कुणी बाटली उचलताना दिसलं, मग ते सर असोत, बाई असोत की प्रदर्शनातला वर्गमित्र, तर आधी मागे सरा आणि मग मोठ्याने सांगा की बाटली खाली ठेवा. असं बोलणं उद्धटपणा नाही. आणि शिक्षकांनो, कुणी मूल तुम्हाला असं म्हणालंच, तर ओतणं तिथेच थांबवा, बाटलीला बूच लावा आणि ती बाहेर पाठवून द्या. तास नंतर पुढे चालू करता येतो.